गजराची शिणाणी

"आवाज जरा खाली घेवा," माझी बायको म्हणाली. "इंदूकाकीचा शिंपले मोजूचा चुकता."

मी होडीच्या टोकाला डोळे मिटून बसलो होतो. मांडीवर पेटी होती. पेटी खाऱ्या वाऱ्यावर नेऊ नये हे मला कोणी सांगायला नको होतं, पण माझा एक दिवसाचा रियाज चुकला तर कोकणातलं भजन अनाथ होईल अशी त्या काळात माझी समजूत होती. डोळे न उघडताच मी म्हटलं, "वैजू, सम येवंदे. मग खाली घेतंय."

सम आली. मी आवाज खाली घेतला नाही.

आमच्या गावच्या खाडीच्या तोंडाशी बांबूचा एक मोठा तराफा पिंपांवर तरंगत होता. त्याला दोऱ्या बांधून पाण्यात सोडलेल्या आणि दोऱ्यांवर शिणाणी लावलेली. शिणाणी म्हणजे ते हिरव्या-काळ्या शिंपल्यातलं चविष्ट प्रकरण, जे पूर्वी आमच्या बायका ओहोटीला खडकावरून खरवडून आणायच्या. खडकावर जाऊन पाय कापून घेण्यापेक्षा दोरीवरच ती वाढवावीत, असं वैजूच्या महिला बचत गटाच्या डोक्यात कोणीतरी घातलं. दिवाळी झाल्यावर त्यांनी नखाएवढं बी दोऱ्यांना लावलं. होडी माझ्या वडलांची. बायकांना तराफ्यापर्यंत नेणं आणि परत आणणं एवढंच माझं काम. जाळी टाकायचं मी कधीच सोडलं होतं, कारण थंडीत आवाज बसतो.

मी लवू कुबल. डबलबारीचा बुवा. डबलबारी म्हणजे काय ते घाटावरच्या लोकांसाठी सांगतो. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, एक बुवा गातो, दुसरा त्याला उत्तर देतो. शेवटी गजर होतो आणि लोक ठरवतात कोण सरस. माझ्या समोर नेहमी सहदेव गिरकर असायचा. सहदेवच्या आवाजाला माईक लागत नसे. माझ्या आवाजाला लागतो, हे मी फक्त वैजूला सांगितलं होतं.

तर बायका दोऱ्या वर ओढायच्या, चिखल धुवायच्या, पट्टीने शिंपले मोजायच्या आणि मी गायचो. संक्रांतीच्या सुमाराला खाडीच्या तोंडाचं पाणी हिरवं झालं. नेहमीसारखं हिरवं नव्हे, कोणी अळवाचं फदफदं पातळ करून ओतलं असावं तसं. आणि शिणाणी अशी वाढायला लागली की बायका पुन्हा पुन्हा मोजायच्या. बी लावताना मिळालेल्या माहितीप्रमाणे ती शिमग्याला जेवढी व्हायची तेवढी माघातच झाली. उघडून बघितलं तर आत मांस शिंपल्याच्या कडेपर्यंत भरलेलं, लोण्यासारखं.

त्यातही एक चमत्कार होता. मी ज्या बाजूला होडी लावून गात बसायचो, त्या बाजूच्या दोऱ्या इतरांपेक्षा जड.

वैजूने दोरी हातात तोलून म्हटलं, "ही भायली बाजू. भरतीचा पाणी पयला हयच येता, म्हणान माका वाटता..."

"आणि ह्या बाजूक बसता कोण?" मी विचारलं.

तिने दोरी परत पाण्यात सोडली. मला वाटलं, तिला पटलं.

मी हे गावात दोन-तीन ठिकाणी सहज बोललो. सहज म्हणजे चहाच्या हॉटेलात, देवळात आणि एसटीच्या थांब्यावर. तालुक्याच्या एका वर्तमानपत्राचा माणूस आला. त्याने विचारलं, "बुवा, कोणता राग जास्त मानवतो?" खरं तर तिथे हसून विषय सोडायचा होता. पण आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्यापुढे वही-पेन घेऊन बसलं होतं. मी म्हटलं, "भूप. भुपात शिंपलो उघडता. मालकंस जरा जड पडता तेंका, मिटून घेतत." दुसऱ्या आठवड्यात माझा पेटीसकट फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, 'भजनावर वाढणारी शिणाणी'. लोक त्यांना 'गजराची शिणाणी' म्हणायला लागले. दोन गावांनी आपापल्या तराफ्यापाशी गायला मला बोलावलं. एका ठिकाणी तर त्यांनी कर्णा पाण्याच्या दिशेने वळवून बांधला होता.

मत्स्य महाविद्यालयातून एक तरुण मॅडमही येऊन गेल्या, तेजल हळदणकर नावाच्या. त्यांनी बारीक जाळीने पाणी गाळून बाटल्या भरल्या. मग मला म्हणाल्या, "काका, हे पाणी हिरवं का झालंय माहितीये का? यात..."

"मॅडम, तुमी पाण्याचा बगा. नादाचा शास्त्र वेगळा," असं म्हणून मी त्यांना नादाचं शास्त्र समजावलं. बराच वेळ समजावलं. त्यांनी मान हलवली, बाटल्या उचलल्या आणि वैजूशी बोलायला गेल्या. नंतर त्या दर वेळी वैजूशीच बोलायच्या.

महाशिवरात्र झाली आणि पाण्याचा रंग पालटला. आधी हिरवा विरला आणि मग काताच्या पाण्यासारखे तांबूस पट्टे दिसायला लागले. भरतीला ते पट्टे आत यायचे, ओहोटीलाही पूर्ण जायचे नाहीत. बायकांनी दोऱ्या वर काढल्या तर सगळे शिंपले घट्ट मिटलेले.

"वाढ थांबली," वैजू म्हणाली. "मागच्या येळेक होती तेवडीच असत. आणि मांस उतारला. बगा, शिंपल्यात कसा खुळखुळता."

मी मधले काही दिवस परगावी सत्कार घेत फिरत होतो. मला कारण लगेच कळलं. मी म्हटलं, "माझी सवय लागली तेंका. मी नाय म्हणान रुसली."

इंदूकाकी म्हणून गटात एक वयस्क बाई होती. ती पाण्याकडे तोंड करून खोकल्यासारखं काहीतरी करत राहिली. मी मात्र त्या दिवशी भूप दुप्पट वेळ गायलो. शिणाण्यांनी तोंडं उघडली नाहीत. मला शंका आली, मी नसताना इथे कोणी मालकंस तर गायला नसेल?

हळदणकर मॅडम पुन्हा येऊन लाल पाणी आणि थोडी शिणाणी घेऊन गेल्या. वाढ का थांबली ते तपासून फोन करते म्हणाल्या.

तेवढ्यात आमच्या गावच्या मंडळाने माझा सत्कार ठरवला. सत्कार, सहदेव गिरकरबरोबर डबलबारी आणि नंतर सगळ्या गावाला गजराच्या शिणाण्यांचं जेवण. वैजू म्हणाली, "जरा थांबूया. असली सुकी शिणाणी वाढून आपलीच लाज जायत." तिला फक्त लाजेची भीती होती. त्या पाण्यात आणखी काही असेल हे तिला, मला, कोणालाच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "सत्कार काय भरती-ओहोटी बगून करतत?" मंडळाचे अध्यक्ष आबा मयेकर म्हणाले, "वैजयंती, ती शिणाणी नाय, परसाद असा. परसाद कोण मापान खाता?" ठरल्या दिवशी बायकांनी काही दोऱ्या काढल्या.

शाळेच्या मैदानावर मंडप घातला होता. ऊन उतरल्यावर कार्यक्रम सुरू झाला. शाल झाली, नारळ झाला, आबांचं भाषण झालं. मग पहिली बारी सहदेवची. त्याने अभंग म्हटला, गवळण म्हटली आणि शेवटी माझ्याकडे बघून जागच्या जागी जोडलं:

"लवूबुवा गाता तेवा शिणाणी फुगता रे,
कोंब्येक गावन दाखय, अंडा कितक्या होता रे!"

मंडप हसून आडवा झाला. मीही हसलो, आतून जळालो आणि मनातल्या मनात उत्तर जुळवायला लागलो. तेवढ्यात आबा आले आणि म्हणाले, "बुवा, पयला पान सत्कारमूर्तीचा." त्यांनी मला शाळेच्या एका वर्गात नेलं. बाकावर पत्रावळ मांडली होती, भात आणि शिणाण्यांचं सुकं. बारीला बसायच्या आधी पोटभर जेवू नये, एवढं कोणताही बुवा जाणतो. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

माझी बारी सुरू झाली. पहिला अभंग ठीक गेला. दुसऱ्याला ओठांना मुंग्या यायला लागल्या. मग जिभेला. मग बोटांच्या टोकांना, पेटीच्या पट्ट्यांवर कोणी कापूस पसरला असावा तसं. आता शहाण्या माणसाला वाटेल, काहीतरी बिघडलंय. मला वाटलं, घडलंय! इतकी वर्षं संतांच्या अभंगात ऐकत होतो ते देहभान हरपणं हेच. सहदेवसमोर, भर मंडपात, मला ते लाभत होतं. मी डोळे मिटून घेतले. तोंडातून 'विठ्ठला' म्हटलं ते 'बिप्पला' निघालं. देव समजून घेतो असं मला वाटलं. पखवाजवाला बाबल मात्र समजून घेईना, तो ठेका सोडून माझ्याकडे बघत राहिला.

मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "बुवा पिऊन इलो रे!"

मी अधिकच तल्लीन झालो.

"अहो! डोळे उघडा!"

वैजू स्टेजच्या कडेला उभी होती. धापा टाकत होती, केस सुटले होते. आमच्याकडे तेव्हा फोनला रेंज फक्त शाळेमागच्या टेकाडावर यायची. मॅडमचा फोन येतो का बघायला ती तिथे गेली होती, तिथून धावत आली होती.

"मॅडमांचो फोन इलो," ती म्हणाली. "लाल पाण्यात विख असा. शिणाण्यांनी ता पाणी प्यालेला. शिजवलां तरी जायत नाय. ओठ बधिर होतत, मग दम लागता. कोणी खाल्ल्यानी तर नाय ना?"

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, ओठांच्या कोपऱ्यातून गळणाऱ्या लाळेकडे. माझी समाधी त्या क्षणी उतरली.

मंडपाच्या दुसऱ्या अंगाला पंगत बसत होती. पत्रावळी मांडून झाल्या होत्या. पहिल्या ओळीत मुलं आणि म्हातारी माणसं होती आणि त्यांच्या पानांवर भात आणि सुकं पडलं होतं. मी माईक पकडला आणि ओरडलो, "खाव नकात!" निघालं ते असं, "हाव हहात!" लोक हसले. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. त्यांना वाटलं, सहदेवच्या कोंबडीला उत्तर आहे.

वैजू पंगतीकडे धावली. तिच्या गटाच्या बायकांनी टोपांवर झाकणं घातली, वाढणाऱ्यांच्या हातातून पळ्या ओढल्या. इंदूकाकीने एका मुलाच्या हातातला घास खाली पाडला. पण आबा मयेकर पुढे होऊन म्हणाले, "वैजयंती, खुळी काय तू? गजराची शिणाणी ती. बुवांच्या भजनावर वाढलेली. तेका विख लागात कसा? पान टाकून परसादाचो अपमान करूचो नाय." त्यांनी हात जोडले आणि स्वतःच्या पानाशी बसले. त्यांचं बघून उठलेली माणसंही बसली.

मी पसरवलेली गोष्ट तिथे पत्रावळींसमोर मांडी घालून बसली होती. ती उठवायची तर ती माझ्याच तोंडाने उठवायला हवी होती आणि माझं तोंड तर गेलं होतं.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. सहदेव होता. हसत नव्हता. त्याने कान माझ्या तोंडाशी आणला.

"लवू, हळू सांग. एकेक शब्द."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते इथे लिहून दाखवता येणार नाही, पण त्याला कळलं. "सांग तेंका, शिणाणी माझ्या गाण्यान वाढाक नाय. पाण्यात काय होता ता खाऊन वाढली. आता पाण्यात विख इला, ताच तेंच्या पोटात गेला. परसाद नाय ह्यो."

सहदेव थोडा मागे झाला. "ह्या सगळा सांगू? गाण्याचा पण?"

"सांग."

"सगळ्या गावासमोर? मागसून माका बोल लावशीत."

"सांग मेल्या!" हे मात्र स्पष्ट निघालं असावं.

तो स्टेजच्या कडेला गेला. माईक घेतला नाही. जो आवाज मी पंधरा वर्षं ऐकून जळत आलो होतो, तो आवाज त्याने लावला आणि सरळ, चाल न लावता, माझे शब्द जसेच्या तसे सांगितले. "लवूबुवा म्हणता, ती तेच्या गाण्यान वाढाक नाय. परसाद नाय ह्यो. पानां सोडून उठा." मग स्वतःचं असं एकच वाक्य त्याने घातलं: "आणि तो पिऊन येवक नाय. पयला पान तेनी खाल्ल्यान, म्हणान तेचा तोंड चलना नाय."

आबा पानावरून उठले. मग सगळे उठले.

त्याने दुसरी एकही ओळ जोडली नाही. त्याच्या जागी मी असतो तर दोन नक्की जोडल्या असत्या.

मला टेम्पोत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. वाटेत पाय जड झाले, मग छातीवर कोणी बसल्यासारखं वाटायला लागलं. सहदेव माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि दर वळणाला म्हणत होता, "दम घे. आता सोड. परत घे." मीसुद्धा तालात श्वास घेत होतो, सवयीने. मरायची भीती वाटत होतीच. पण तुम्हाला खरं सांगतो, त्याहून जास्त भीती अशी वाटत होती की मेलो तर वर्तमानपत्रात काय छापून येईल.

डॉक्टरांनी सांगितलं की यावर उतारा म्हणून औषध नाही, श्वासावर लक्ष ठेवायचं आणि अंगातून ते आपोआप जायची वाट बघायची. त्यांनी नाकाला नळी लावली. स्वयंपाक चाखलेल्या दोन बायकांचे ओठही थोडे बधिर झाले होते, त्यांना शेजारच्या खोलीत ठेवलं. त्या चांगल्या होत्या आणि मला बघायला आल्या. मंडपातल्या दुसऱ्या कोणालाही काही झालं नाही.

शिणाण्यांचंही सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. गटाने उरलेल्या दोऱ्या तशाच पाण्यात ठेवल्या. शिमगा झाल्यावर लाल पट्टे गेले, पाणी निवळलं आणि शिंपले पुन्हा उघडायला लागले. स्वच्छ पाण्यात त्यांचं त्यांनीच आपलं पोट धुतलं. मॅडमनी तपासून, पुन्हा तपासून, खायला हरकत नाही म्हणून सांगितलं. पावसाच्या आधी ती काढली तेव्हा चांगली भरलेली होती. दोन महिने तिथे कोणी गायलं नव्हतं.

पण मला सांगायचं आहे ते दवाखान्यातल्या सकाळचं. उजाडलं तेव्हा श्वास मोकळा झाला होता. तोंड मात्र अजून माझं नव्हतं. दुपारपर्यंत येईल असं डॉक्टर म्हणाले. सहदेव चहा प्यायला गेला होता. वैजू खाटेशेजारी स्टुलावर बसली आणि बोलायला लागली. लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. एवढा वेळ सलग बोलताना मी तिला प्रथमच ऐकत होतो. दुसरा इलाजही नव्हता.

तिने मला सगळं समजावलं. पाण्यात डोळ्याला न दिसणारी शेवाळं असतात. थंडीत तळचं खत वर येतं, ऊन लागतं, आणि ती एकदम माजतात. चांगल्या जातीचं शेवाळ माजलं की शिणाण्यांना बसल्या जागी जेवण, म्हणून ती फुगतात. भरतीचं पाणी आधी माझ्या बाजूला लागायचं, म्हणून तिथली जास्त फुगली. वाईट जातीचं माजलं की ती तोंड मिटून उपाशी बसतात, वाढ थांबते आणि जे थोडं आत गेलं ते विष होऊन राहतं. "हिरव्या पाण्याचा मॅडमनी पयल्याच फेरीत सांगल्यानी होता," ती म्हणाली. "मी तुमका सांगूक तीन वेळा सुरवात केलंय. तुमी गायत होतास."

मी मान हलवली. माझं मलाच हसू येत होतं, पण ओठ वाकत नव्हते.

तिने स्टूल जरा पुढे ओढलं.

"गावात पण मी कोणाक सांगूक नाय," ती म्हणाली. "कित्याक तां तुमका म्हायत नाय. आमच्यात बायको होडयेत बसान पाण्यात जाता काय कधी? मासळी विकूक गेली तर चलता. होडयेत नाय. गट केलंय तेवा पयल्या दिवशी आमी तिघीच होतंव. इंदूकाकीचो घो उंबऱ्यात आडवो ऱ्हवलो होतो. मग तुमी पेटी घेऊन बसूक लागलास. मी घरोघर जाऊन सांगलंय, होडयेत बुवा असतत, भजन असता. तेवा सासवांनी सोडल्यानी एकेकीक. इंदूकाकीच्या घोवान तर सांगल्यान, भजनाक जाता तर जा."

तिने पदराने माझ्या तोंडाची लाळ पुसली.

"तुमच्या गाण्यान शिणाणी वाढाक नाय," ती म्हणाली. "पण बायका इल्यो."

मी आयुष्यभर शब्दांवर जगलेला माणूस. हजार माणसांसमोर जागच्या जागी ओळ जुळवणारा. त्या सकाळी मला तिला काहीतरी सांगायचं होतं आणि मला वाटतं, ते चांगलंच असतं. मी सगळा जोर लावला. तोंडातून निघालं, "पा... पा..."

"पाणी व्हया?" तिने विचारलं.

मी मान हलवली. तिने तांब्यातून पेला भरला, माझं डोकं उचललं आणि पेला ओठांना लावला. मला तहान नव्हती. पण मी सगळं पाणी प्यालो.